अकरा झाडं आणि एक राजीनामा

३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावली. बाहेर नुसता धूर. समोरच्या इमारतीची टाकी दिसेना. त्यात आमचा चौकीदार पार्कच्या कोपऱ्यात पानं पेटवून शेकत बसलेला! गाऊनवर स्वेटर चढवला, खाली गेले आणि हातातली बादली सरळ जाळावर ओतली.
"मैडम जी, ठंड है।"
"ठंड है तो चाय पियो. मेरे खड्डे का माल क्यों जलाते हो?"
कमलेश दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत होती. तिथूनच ओरडली, "शोभा, खड्डा नहीं, गड्ढा!" चौतीस वर्षं झाली साताऱ्याहून दिल्लीला येऊन, त्यातली एकवीस हिच्या डोक्यावर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, तरी बाई माझी हिंदी तपासायचं सोडत नाही. (यापुढे क. एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार.)
पानांचे दोन खड्डे भरले. तिसरा खणायला सांगितलाय.

६ नोव्हेंबर, बुधवार
पालिकेची माणसं तपासणीला आली. 'हरित भागीदारी' योजनेत पार्क रहिवाशांच्या समितीकडे देऊन सात वर्षं झाली, त्यातली सातही मीच संयोजक, कारण दुसरं कुणी तयार नाही. उद्यान विभागाचे तंवर साहेब जरा बरे आहेत. खड्ड्यात हात घालून खत हुंगलं. गेटजवळची अकरा झाडं मोजली. अकरा घरं, अकरा झाडं. प्रत्येक घराची बादली वेगळी, बादलीवर ऑइलपेंटनं झाडाचा नंबर. आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं ते निम्मं, साधं निम्मं, रोज सकाळी आपापल्या झाडाला. माझं जांभूळ, ७. खड्डा ह्यांनी खणला होता, ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. क.चा अमलतास, ४. म्हणजे आपला बहावा.
तंवर म्हणाले, "आपकी चेष्टा सराहनीय है।" मला कळतं हो, चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण एक क्षण थट्टा केल्यासारखं वाटतंच. चेहरा झाला असणार तसा, कारण क. तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मग तंवरना सगळं पुराण सांगितलं. हमारी शोभा को शिक्षा की बात करो तो डर जाती है, इनके यहाँ शिक्षा मतलब सज़ा. तिच्याकडे माझ्या अशा गमतींचा साठाच आहे.
फोटो काढला. हिरव्या टोप्या दिल्या. टोपीचा रंग केसांना लागला.

१० नोव्हेंबर, रविवार
क.च्या नवऱ्याला, चड्ढाजींना, हॉस्पिटलमधून आणून आज आठवडा झाला. डावी बाजू अजून नाही. बोलणं अडखळतं. क. त्यांना चमच्यानं दलिया भरवत होती, मी नुसती बसून राहिले.
अर्धांगाचा झटका आला त्या दिवशीची ॲम्ब्युलन्स डोळ्यांपुढून जात नाही. गेटपासून आमच्या जिन्यापर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्या, मधून सायकल जाईल एवढी जागा. चड्ढाजींना चादरीत घालून चौघांनी गेटपर्यंत नेलं. एक टोक माझ्या हातात होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, जरा आधी आणायचं होतं.
क. त्यावर काहीच बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे काहीतरी चाललंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
काय चाललं होतं ते कळलं. जिन्याखाली नोटीस लागली आहे. सोसायटी पार्किंगसाठी पार्कचा गेटकडचा कोपरा मागणार, पालिकेला अर्ज गेलासुद्धा. कोपऱ्यात काय आहे? अकरा झाडं आणि खताचे खड्डे. खाली सही, सचिव: कमलेश चड्ढा.
रोज सकाळी एकत्र चालतो आम्ही. काल मेथीची जुडी निवडली माझ्याकडे बसून. एक शब्द नाही.
मी वाद घातला नाही. वर आले आणि संयोजक म्हणून लेखी हरकत टाइप केली. दुपारी मेट्रोनं जाऊन पालिकेत देऊन आले, पोच घेतली. योजनेत नियमच आहे, संयोजकाची हरकत असेपर्यंत झाडाला हात लावता येत नाही. तेहतीस वर्षं मंत्रालयात फायली केल्या त्या काय उगाच?
येताना बसस्टॉपवर पालिकेचा बोर्ड वाचला, 'यह पार्क आपका है'. आमच्या पार्कातही तोच आहे. त्याच्याखाली 'फूल तोड़ना मना है'.

१७ नोव्हेंबर, रविवार
सभा. सोसायटीची, पार्किंगवर.
अध्यक्ष अरोड़ा आधी गोड गोड. मैडम ने बड़ी सेवा की है वगैरे. मग क. उभी राहिली. "एंबुलेंस गेट पर खड़ी रही। मेरा आदमी चादर में गया।" एवढंच बोलली आणि बसली. कुणाला मान वर करवेना, मलाही नाही.
तरी मी बोललेच. की रस्ता अडला गाड्यांनी, झाडांनी नाही. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन गाड्या, दुसरी गाडी बाहेर मार्केटच्या पार्किंगमध्ये ठेवा, रस्ता आजच मोकळा होईल. कुणी ऐकेना. आपली गाडी लांब ठेवायची तर सगळ्यांचे गुडघे दुखतात. शेवटी अरोड़ा म्हणाला, "मैडम, आप पेड़ों की माँ हो गई हो, इंसानों का भी कुछ सोचो।"
माझा ताबा सुटला. चादरीचं टोक धरलं होतं मी! उभी राहून म्हटलं, "ठीक है. फिर ये लीजिए मेरा राजीनामा! आज से खतम!"
आणि मग काय व्हावं? टाळ्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरोड़ा हात जोडून उभा. क.नं येऊन मिठी मारली आणि रडली.
सात वर्षं खत चिवडलं, आणि मी सोडते म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवतात. माणसं इतकी विटली होती मला?

१८ नोव्हेंबर, सोमवार
क. सकाळीच आली, टाइप केलेला कागद घेऊन. "कल जो बोला था, वो लिखत में चाहिए।" किती ती घाई. चष्मा आत होता. वरचं मोठं अक्षर दिसलं, राजीनामा. बाकी दहा-बारा ओळी. डाळीच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही ठोकली.
क. हळूच म्हणाली, "पढ़ तो ले।"
म्हटलं, "तू लायी है, क्या पढ़ना."
ती चहा न घेता गेली. झाडाला पाणी घालायला आज कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. पालिकेत हरकत दिलेली आहे, तेवढी बास आहे. संयोजक कुणीही होवो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
गंमत बघा. राजीनामा दिल्यापासून माझा मान वाढलाय. अरोड़ाच्या बायकोनं गाजरहलवा पाठवला, वर काजू. पहिल्या मजल्यावरचे माथुर, जे कधी नमस्ते करत नाहीत, ते जिन्यात बाजूला झाले. "आपने बड़ा दिल दिखाया।" समिती सोडण्यात कसलं मोठं मन? हलवा खाल्ला. चांगला होता.
नवा संयोजक अजून कुणी नाही. पानं पुन्हा जळतायत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
न राहवून खाली गेले. रामअवतार माळी खुरपं घेऊन बसला होता, माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, "मैडम जी, आपने भी हाँ कर दी?"
म्हटलं, हाँ नहीं की, छोड़ दिया.
"एक ही बात हुई," म्हणाला.
वाईट वाटलं. म्हातारा माणूस, त्याला वाटतं मी त्याला वाऱ्यावर सोडलं. तसं सोडलंच म्हणा. जांभळाला दोन बादल्या घातल्या.

१ डिसेंबर, रविवार
झाडांवर लाल रंगानं आकडे. बुंध्यांवर. १ ते ११. आधी वाटलं कुणी पोराटोरांनी बादल्यांचे नंबर उतरवले. मग समजलं, तोडायच्या झाडांचे आकडे; खाली कुऱ्हाडीचं चित्र नाही एवढंच.
हरकतीचं विचारायला तंवर साहेबांना फोन. रविवारी उचलला हे त्यांचे उपकार.
"मेरी आपत्ति का क्या हुआ?"
"मैडम, आपका राज़ीनामा लगा है फ़ाइल में।"
"तो? मैंने छोड़ा है, पेड़ों ने थोड़े ही छोड़ा है!"
"मैडम, आप ही का दस्तख़त है।"
"हाँ, है. तो?"
असं पाच मिनिटं. त्यांना वाटलं मला भ्रम झाला, मला वाटलं त्यांना.
दुपारी निखिल आला गुरुग्रामहून, जेवायला. त्याला सांगितलं. चपातीचा घास हातातच राहिला त्याचा. "आई, तू राजीनामा साइन केलास? मग प्रॉब्लेम काय आहे? राजीनामा म्हणजे सेटलमेंट. दोन पार्टीज राज़ी झाल्या असं लिहून द्यायचं."
"अरे, राजीनामा म्हणजे पद सोडणं!"
"ते इस्तीफ़ा ना." मग माझ्याकडे बघत राहिला. "मराठीत राजीनामा म्हणजे रेझिग्नेशन? सच्ची?"
माझ्या पोटचा पोरगा. त्याला मराठी शब्द ठाऊक नाही आणि मला हिंदी.

२ डिसेंबर, सोमवार
पालिकेत जाऊन कागदाची नक्कल काढली. चष्मा लावून वाचला. 'दोनों पक्षों में आपसी सहमति हो गई है। मैं अपनी आपत्ति वापस लेती हूँ। उक्त पेड़ हटाने में मुझे कोई आपत्ति नहीं है।' खाली माझी सही, अगदी वळणदार. तारीखसुद्धा माझ्याच हातची.
वरच्या शब्दात ज खाली टिंब आहे. तेवढाच फरक.
सेक्शनमध्ये पोरांना सांगायचे मी, स्वल्पविराम वाचल्याशिवाय सही करायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. टाळ्या कशाच्या होत्या ते आज कळलं, आणि काजूसुद्धा. चांगला होता म्हणे हलवा! स्वतःच्या झाडांच्या तेराव्याचं जेवले मी.
संध्याकाळी निखिलला फोनवर म्हटलं, माझं पानिपत झालं. तो म्हणे, "का? पानिपतला काय आहे, चादरी आणायच्यात?" फोन ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार
क.कडे गेले. नक्कल तिच्या डायनिंग टेबलावर ठेवली. ती चड्ढाजींच्या पायाला तेल लावत होती, हात थांबला नाही.
"तूने ही बोला था, शोभा। सबके सामने। मैंने कान पकड़ के बुलवाया?"
"मैं छोड़ने का बोल रही थी. इस्तीफा!"
"तो इस्तीफ़ा बोलती। मुझे क्या सपना आया?" मग रडवेली झाली. "मैंने कहा था पढ़ ले। कहा था कि नहीं?"
कहा था. खरंच म्हणाली होती. तिला तरी कसं कळावं? तिच्या भाषेत तिनं ऐकलं, माझ्या भाषेत मी बोलले. भांडण चूक, शब्द चूक, माणूस चूक नाही.
जिना चढताना हलकं वाटलं. झाडं जातील कदाचित, पण क. तरी राहिली. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार
नाही.
कपाट आवरताना ऑफिसचं जुनं ओळखपत्र सापडलं आणि सगळं धडाधड आठवलं. बढती डावलली होती माझी, तेव्हाची गोष्ट. रडत क.कडे गेले होते, म्हटलं, बस्स, मैं कल राजीनामा देती हूँ. ती म्हणाली होती, "अच्छा किया, सुलह कर ले।" मी भडकले. सुलह कसली, समेट कसला? मग दोघींना उलगडा झाला. तिच्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. राजीनामा बिजीनामा राहिला बाजूला.
त्यानंतर कित्येक वर्षं, मी कशावरही चिडले, निखिलवर, ह्यांच्यावर, दूधवाल्यावर, की ती म्हणायची, "दे दे राजीनामा। मराठी वाला।"
मराठी वाला.
तिला माहीत होतं. सभेत मी उभी राहून ओरडले तेव्हा अख्ख्या सोसायटीत एकच माणूस होतं ज्याला मी काय म्हणतेय ते नेमकं कळलं. आणि त्यानंच येऊन मिठी मारली.
केवढी फसवलीस ग मला.

६ डिसेंबर, शुक्रवार
चालायला गेले नाही आज. चहा दोनदा उतू गेला. सारखं एकच, तिनं 'पढ़ तो ले' म्हटलं ते कशासाठी? मी वाचावं म्हणून, की पुढे सांगता यावं म्हणून?
ह्यांच्या वेळेस तेरा दिवस माझ्याकडे झोपली होती. माझ्या हातातून भांडं काढून घ्यायची, तू बैठ, म्हणायची. ते खोटं होतं असंही म्हणवत नाही. म्हणवलं असतं तर सोपं झालं असतं.

९ डिसेंबर, सोमवार
तंवर साहेबांना भेटले. सगळं ऐकलं त्यांनी, हसले नाहीत. म्हणाले, झाडं १६ तारखेला दुपारी निघणार, ठेकेदार ठरलाय. थांबवता येईल, पण गलतफ़हमी हुई म्हणून चालणार नाही. सही आहे, तुम्ही शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या. "लिखकर दीजिए कि धोखे से दस्तख़त लिए गए। किसने लिए, नाम लिखना पड़ेगा।" मग सोसायटीवर चौकशी बसेल, पार्किंगचा अर्ज रद्द, सचिवांना पोलिसांत बोलावणं येऊ शकतं.
"सोच लीजिए। सोलह को दस बजे तक मेरी मेज़ पर।"
निखिल म्हणतो, लिही ना यार आई, बिल्कुल लिही, तिनं विचार केला का तुझा? बरोबर आहे त्याचं.

१२ डिसेंबर, गुरुवार
चड्ढाजींना फिजिओवाला जिन्यात चालवत होता. एकेक पायरी. मला बघून थांबले, उजवा हात कपाळाला लावला. "शो-भा-जी." तीन अक्षरांना किती वेळ. मग बोट खाली दाखवलं, झाडांकडे. "अमल...तास. फूल?"
म्हटलं, फूल गर्मी में आएँगे, भाईसाहब.
त्यांना कुणी सांगितलेलं नाही. क. दारात उभी होती, तिनं नजर फिरवली.
उद्या पुन्हा त्यांना काही झालं आणि पुन्हा ॲम्ब्युलन्स अडली तर? तेव्हाही चादरीचं टोक मलाच धरायचंय. पण हे सगळं मला सरळ सांगता आलं असतं, कमलेश. एकदा दार वाजवून म्हणायचं होतं, शोभा, मला भीती वाटते. मी भांडले असते, ओरडले असते, आणि मग दोघींनी मिळून त्या गाड्या हलवायला लावल्या असत्या. तू मागितलंच नाहीस. चोरलंस. झाडं नाही, माझा शब्द.

१४ डिसेंबर, शनिवार
मसुदा केला. हिंदीत, शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक शब्द दोनदा बघून. 'मुझसे यह हस्ताक्षर धोखे से लिए गए। हस्ताक्षर लेने वाले का नाम:' पुढे जागा.
जागा कोरी आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

१५ डिसेंबर, रविवार
सकाळी खिडकीतून बघते तर क. खाली. हातात ४ नंबरची बादली. महिनाभर तिनं पाणी घातलं नव्हतं. उद्या तोडायच्या झाडाला आज कशाला? अमलतासाच्या बुंध्याशी निम्मी ओतली. मग थोडी थांबली आणि उरलेली माझ्या जांभळाला घातली. वर बघितलं नाही.
मी उतरले. पिशवीत मसुदा होता, झेरॉक्स करायची होती. जिन्यात समोरासमोर आलो. बादली रिकामी, तिच्या चपला चिखलानं भरलेल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा बोललो.
"कल जाएगी पालिका?"
"जाऊंगी."
"क्या लिखा है?"
माझ्या तोंडून गेलं, राग होता म्हणून गेलं, "राजीनामा."
आणि ती पटकन म्हणाली, जशी वर्षानुवर्षं म्हणत आली तशी, विचार न करता, "कौन सा वाला?"
मग तिचंच तिला ऐकू आलं. हात तोंडावर गेला. बादली पायरीवर आपटली आणि दोन पायऱ्या घरंगळत गेली. मी उचलली. तिच्या हातात दिली. वर चड्ढाजी कमलेश, कमलेश अशी हाक मारत होते, एकेक अक्षर सुटं करून.
झेरॉक्स काढून आणली आहे. दोन प्रती. दोन्हीवर ती जागा तशीच आहे. उद्या दहापर्यंत कागद द्यायचाय, मला साडेआठला निघायला हवं. पेन पिशवीत टाकलंय, चष्मा पण.